दोन वर्षांचा अनुभव आणि पंचायतीतला प्रिंटर

गेल्या महिन्यात गावाकडच्या एका पोराचा फोन आला. रात्रीचे साडेदहा वाजलेले, मी शिफ्ट संपवून नुकताच जेवायला बसलो होतो. आधी घरची चौकशी झाली, पाऊस किती झाला, भाताची लावणी कुठवर आली, सगळं झालं. मग जरा थांबून म्हणाला, "दादा, एक विचारायचं होतं. अनुभवाचं सर्टिफिकेट पाहिजे होतं. दोन वर्षांचं. पुण्यात एकजण चाळीस हजारात देतो म्हणालाय, सॅलरी स्लिपांसकट. घेऊ काय?"

मी घास हातातच धरून बसलो. हाच प्रश्न २०१८ साली मी स्वतःला विचारला होता, आणि उत्तर 'नको' आलं ते काही माझ्या प्रामाणिकपणामुळं नव्हे. पैसे नव्हते म्हणून.

मित्रांनो, ज्यांनी आयटी सपोर्टच्या जाहिराती बघितल्यात त्यांना हे नवीन नाही. डेस्कटॉप सपोर्ट, सर्व्हिस डेस्क, एल वन इंजिनिअर, नावं वेगवेगळी. काम सगळ्यात खालच्या पायरीचं, पगारही त्याच पायरीचा. आणि खाली एक ओळ ठरलेली: किमान १ ते २ वर्षे अनुभव आवश्यक. आता ज्या कामाने सुरुवात करायची, त्याचाच अनुभव आधी आणायचा कुठून? हे कोडं सोडवायचा सोपा रस्ता म्हणून आपली पोरं तो चाळीस हजाराचा कागद विकत घेतात. माझं म्हणणं असं, की बहुतेकांकडं तो अनुभव आधीच असतो. त्याला अनुभव म्हणायची आपल्याला लाज वाटते, एवढंच. पण ते सांगण्याआधी माझी गोष्ट सांगतो.

बेळगावात बी.कॉम. करताना आणि नंतरही दोन वर्षं मी कॉलेजजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात होतो. नावाला झेरॉक्स. तिथं काय चालायचं ते आपल्याकडच्या कुणालाही सांगायला नको. सात-बाराऐवजी आरटीसीचा उतारा, नाडकचेरीतला जात-उत्पन्नाचा दाखला, परीक्षेचं हॉल तिकीट, पॅन कार्ड, लग्नपत्रिका, मंडळाची पावती पुस्तकं. एकाच कॉम्प्युटरवर मराठीसाठी श्रीलिपी, कन्नडसाठी नुडी आणि नवीन कामाला युनिकोड. कुणीतरी पेन ड्राइव्हमध्ये फाइल घेऊन यायचा, उघडली की सगळे किडे-मुंग्या. "काय झालंय बघ की रे, काल घरात बरोबर दिसालतं." मग कुठल्या फॉन्टमध्ये टाइप केलंय ते ओळखायचं, तो फॉन्ट टाकायचा, नाहीतर युनिकोडमध्ये बदलून द्यायचं. आधारचं अंगठ्याचं यंत्र एका सकाळी ओळखायचंच बंद व्हायचं. यंत्र चांगलं असायचं, मागची आरडी सर्व्हिस बंद पडलेली असायची. दोन प्रिंटर, एक स्कॅनर, दिवसातून दोनदा वीज जायची आणि बाहेर वीस माणसांची रांग.

हे सगळं मी दोन वर्षं केलं. २०१८ च्या जूनमध्ये पुण्याला गेलो तेव्हा बायोडेटात मात्र काय लिहिलं? 'फ्रेशर'. दुकानाचा उल्लेखच नाही. झेरॉक्सच्या दुकानात होतो हे कंपनीला काय सांगायचं, असं वाटलं.

धनकवडीत एका खोलीत आम्ही पाचजण होतो. सगळे आपल्याच भागातले, कोण खानापूरचा, कोण निपाणीचा. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालायचा, बसने हिंजवडी नाहीतर खराडी गाठायची, गेटवर नाव लिहायचं, दोन तास बसायचं. "एक्सपिरिअन्स?" "फ्रेशर, सर." "वी विल कॉल यू." तीन महिन्यांत असे किती झाले ते मोजायचं मी सोडून दिलं. पाचातल्या एकाची ओळख एका कन्सल्टन्सीशी झाली. ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावर एक टेबल आणि एक बाई. पन्नास हजारात दोन वर्षांचा अनुभव, कंपनीचं लेटरहेड, स्लिपा आणि कुणी फोन केला तर "होय, आमच्याकडं होता" म्हणणारा माणूस. त्याने घेतला. आईच्या पाटल्या गावच्या सोसायटीत ठेवून घेतला. आणि त्याला नोकरीही लागली, माझ्या आधी, माझ्यापेक्षा चांगली. आम्ही त्या रात्री त्याच्याकडून बिर्याणी खाल्ली.

चौथ्या महिन्यात बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा अहवाल आला. हे कसं पकडतात ते नीट समजून घ्या, कारण विकणारे हे सांगत नाहीत. तुम्ही खरोखर एखाद्या कंपनीत दोन वर्षं असाल, तर तिथं बहुधा तुमचा पीएफ कापला जातो. आणि यूएएन क्रमांकावर कुठल्या कंपनीने कधीपासून कधीपर्यंत पैसे भरले ते ओळीने दिसतं. तिथं ओळच नाही, किंवा यूएएन पहिल्यांदा आत्ताच निघालाय, म्हणजे प्रश्न सुरू. लेटरहेडवरच्या पत्त्यावर माणूस जाऊन बघतो, तिथं कंपनी नसते, मोबाइल रिपेअरीचं दुकान असतं. माझ्या मित्राला त्याच दुपारी लॅपटॉप जमा करायला लावला. रिलीव्हिंग लेटर नाही. म्हणजे आता आधीची खोटी दोन वर्षं गेलीच, वर नंतरचे खरे चार महिनेही दाखवता येईनात. तो परत आला, आज उद्यमबागेत सीएनसी मशिनवर आहे, चांगला कमावतो. पण माझ्याशी कॉम्प्युटरचा विषय काढत नाही. घरी नवीन वायफाय बसवलं तेव्हासुद्धा त्याने दुसऱ्याच कुणाला तरी बोलावलं.

मला नोकरी लागली ती एका अगदी साध्या प्रश्नावर. मुलाखत घेणारा वयस्कर माणूस होता. माझा बायोडेटा बघून कंटाळला असावा. म्हणाला, "पास होऊन दोन वर्षं झाली. मग इतके दिवस काय घरी झोपला होतास?" मला राग आला आणि रागाच्या भरात मी दुकानाचं सगळं सांगून टाकलं. अंगठ्याचं यंत्र, किडे-मुंग्या झालेली पत्रिका, रांगेतली भांडणं. तो खुर्चीत पुढं सरकला. म्हणाला, "आता समज, एका बाईचा फोन आलाय, इंटरनेट चालत नाही म्हणून. काय करशील?"

हा प्रश्न तुम्हालाही येणार, म्हणून जरा थांबून सांगतो. पाठ केलेली पोरं इथं थेट "राउटर रीस्टार्ट करीन" म्हणतात आणि तिथंच घसरतात. आधी विचारायचं: तुमचंच बंद आहे की शेजारच्यांचंही? काल चालू होतं काय? मधे काही बदललं काय, जागा बदलली, पासवर्ड बदलला? सगळ्यांचं बंद असेल तर बाईंचा कॉम्प्युटर खोलून उपयोग नाही. एकट्याचंच बंद असेल तर केबल बसलीय का, दिवा लागतोय का ते बघायचं. मग आयपी पत्ता बघायचा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला डीएचसीपीकडून पत्ता मिळालेलाच नाही, त्याने आपला आपण घेतलाय. पत्ता बरोबर असेल तर आधी गेटवेला पिंग, मग बाहेरच्या एखाद्या आकड्याला, म्हणजे ८.८.८.८ ला. आकड्याला उत्तर येतंय पण वेबसाइटचं नाव टाकलं की उघडत नाही, तर दुखणं डीएनएसचं. जवळून सुरू करून एकेक पाऊल लांब जायचं. मोटार सुरू होऊनही पाणी येत नाही म्हणाल्यावर गावातला वायरमन आणि प्लंबर हेच करतात.

त्या दिवशी मला डीएनएस हा शब्द धड माहीत नव्हता. पण "शेजारच्याचं चालतंय काय?" हे मी सगळ्यात आधी विचारलं, कारण दुकानात तेच विचारायची सवय होती. त्याने मला घेतलं. एका ठेकेदार कंपनीच्या पगारावर, दुसऱ्याच कंपनीच्या ऑफिसात, हातात साडेबारा हजार. ही थर्ड पार्टीची भानगड पहिल्या नोकरीत बहुतेकांच्या वाट्याला येते. पगार उशिरा होतो, गळ्यातल्या ओळखपत्राची पट्टीसुद्धा वेगळ्या रंगाची असते. तरी पीएफ भरतात का, ऑफर लेटर लेखी आहे का, हे बघून मी म्हणेन घ्या. आणि नोकरीसाठी नोंदणी फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट असं काहीही कुणी मागितलं, तर उठून यायचं. पगार कंपनी आपल्याला देते, आपण कंपनीला नाही.

काम कसं असतं तेही सांगून टाकतो, उगाच चित्र रंगवत नाही. दिवसभर पासवर्ड, प्रिंटर, व्हीपीएन, आउटलुक. साहेब म्हणतो नवीन पासवर्ड करूनसुद्धा दर अर्ध्या तासाला खातं लॉक होतंय. तुम्ही सर्व्हर शोधत बसता, आणि शेवटी कळतं की साहेबाच्या खिशातल्या मोबाइलवर जुनाच पासवर्ड आहे आणि तो बिचारा मेलसाठी पुन्हा पुन्हा दार वाजवतोय. प्रत्येक तक्रारीचं तिकीट, प्रत्येक तिकिटाला वेळेची मर्यादा. रात्रपाळी येते. गणपतीत सुट्टी मिळेलच असं नाही. पण इथून नेटवर्क, सर्व्हर, क्लाउड, सिक्युरिटी, कुठंही वाट फुटते, आणि त्यासाठी इंजिनिअरिंगची डिग्री लागतेच असं नाही. शेतकऱ्याच्या, गवंड्याच्या घरातल्या पोराला एवढ्या कमी भांडवलात उघडणारी दारं आजकाल फार नाहीत.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, ते सांगतो. यात मी स्वतः गुन्हेगार आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या टीममध्ये दोन जागा निघाल्या. एचआरने विचारलं, जाहिरातीत काय लिहू? मी जुनी जाहिरात उघडली, तारीख बदलली आणि पाठवून दिली. त्यात ती ओळ होती. किमान १ ते २ वर्षे अनुभव. मी ती वाचलीसुद्धा नाही. दीडएकशे अर्ज आले, अनुभव नसलेले आधीच गाळून निम्मे माझ्याकडं आले. जागा भरल्या. नंतर एकदा कशासाठी तरी गाळलेले अर्ज चाळत होतो, तर खानापूरच्या कॉलेजचं नाव दिसलं म्हणून थांबलो. मुलगी होती. शिक्षण, टक्के, सगळं आपल्यासारखंच. आणि सगळ्यात खाली, छंद या सदरात, वाचन आणि रांगोळी यांच्यानंतर एक ओळ: गावातील शाळा व सोसायटीचे संगणक दुरुस्त करणे.

छंदात लिहिलं होतं तिनं!

मी फोन केला नाही. जागा भरल्या होत्या, काय सांगणार? आजही ती ओळ मला आठवते. जे दोघे घेतले होते त्यातला एक कागदावर दोन वर्षांचा होता आणि त्याला प्रिंटरचा स्पूलर बंद करून परत सुरू कसा करायचा हे मीच शिकवलं.

तेव्हापासून जाहिरातीतली ती ओळ काढा म्हणून मी एचआरशी भांडतोय. त्यांनी 'आवश्यक'चं 'असल्यास प्राधान्य' केलं, त्यापुढं सरकेनात. त्यांचंही एक म्हणणं आहे: ओळ काढली तर हजार अर्ज येतील, कोण वाचणार? खरं आहे. पण वाचायचा कंटाळा म्हणून लावलेली चाळणी पोरांना खोटं बोलायला लावते, आणि मग तेच खोटं पकडायला व्हेरिफिकेशन कंपनीला पैसे द्यायचे, हा कुठला हिशेब? आपल्या भागातले जे लोक आता पुण्या-बंगळूरला वरच्या जागेवर आहेत, त्यांनी निदान आपापल्या टीमची जाहिरात एकदा डोळे उघडून वाचावी. सीमाभागातल्या पोरांना संधी नाही म्हणून भाषणं आपण पुष्कळ देतो.

आता तुमच्या बाजूचं. दुकानात, शाळेत, सोसायटीत, मामाच्या ऑफिसात जे काही दुरुस्त केलंय, ते लिहून ठेवा. तिकिटासारखं लिहा: तक्रार काय होती, काय तपासलं, कारण काय निघालं, काय केलं, किती वेळ लागला. आधी मराठीत लिहा, मग त्याच चार ओळी इंग्रजीत. आपलं इंग्रजी बोलताना अडतं हे मला मान्य आहे, माझंही अडायचं. पण तिकिटाचं इंग्रजी म्हणजे काही शेक्सपिअर नव्हे. शंभर तिकिटं लिहिलीत की तीच तीच वाक्यं परत येतात आणि तोंडात बसतात. मालकाकडून साध्या कागदावर, सही-शिक्क्यानिशी, अमुक काळ इथं अमुक काम करत होता एवढं लिहून घ्या. तो कागद खरा आहे. कुणी फोन केला तर मालक खरंच उचलेल.

घरी जुना कॉम्प्युटर असेल, आठ जीबी रॅम असेल, तर त्यावर व्हर्च्युअलबॉक्स फुकट टाकता येतो. मायक्रोसॉफ्ट विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस फुकट देतं. एक खोटं ऑफिस उभं करा. डोमेन बनवा, दहा युजर बनवा, गावातल्याच माणसांची नावं द्या, एकाचं खातं मुद्दाम लॉक करा, दुसऱ्याला प्रिंटरची परवानगी देऊ नका, आणि मग सोडवा. नेटवर्कची आवड असेल तर सिस्कोचं पॅकेट ट्रेसर आहे, तेही फुकट. सर्टिफिकेटांचं म्हणाल तर एक पुरे. कॉम्पटियाची ए प्लस म्हणजे दोन परीक्षा आणि फी डॉलरमध्ये. पहिल्या नोकरीसाठी घरच्यांना त्यात घालू नका. गूगलचा आयटी सपोर्टचा कोर्स कोर्सेरावर आहे, त्यानं पाया बरा होतो. पन्नास-साठ हजारांचे क्लास 'शंभर टक्के नोकरी' म्हणतात, त्यांना एवढंच विचारा, नोकरी लागल्यावर फी घेणार काय?

आणि पुण्याची बस धरायच्या आधी जरा आजूबाजूला बघा. साखर कारखाने, सहकारी बँका, पतसंस्था, हॉस्पिटलं, इंजिनिअरिंग कॉलेजं, उद्यमबागेतल्या फाउंड्र्या. प्रत्येक ठिकाणी कॉम्प्युटर आहेत आणि ते बंद पडतात. आयटीआयचा कोपा एक वर्षाचा आहे, त्यानंतर अप्रेंटिसशिप करता येते, विद्यावेतन मिळतं आणि त्याची सरकारी नोंद राहते. पगाराच्या मानानं हे लहान वाटेल. पण घरचं जेवण जेवून मिळवलेला एक वर्षाचा खरा अनुभव आणि धनकवडीत उपाशी राहून विकत घेतलेला दोन वर्षांचा खोटा, यातला मी कुठला निवडेन ते कळलंच असेल.

एक भाषेचंही. काहीजण चिडतील, चिडोत. आपण घरी मराठी बोलतो, बाजारात कन्नड, टीव्हीमुळं हिंदी, गोव्यात नातं असेल तर कोकणीही. बायोडेटात हे सगळ्यात खाली, बापाच्या नावाच्या आणि पत्त्याच्या मधे कुठंतरी असतं. ते वर आणा. सपोर्टचं काम म्हणजे निम्मं ऐकणं. आमच्याकडं एकदा हुबळीच्या शाखेतलं एक तिकीट दोन दिवस पडून होतं. कॅशिअर निवृत्तीला आलेला, त्याला इंग्रजी-हिंदीत सांगता येईना, आमच्या पोरांना कळेना. मी फोन लावून कन्नडमध्ये विचारलं, "एनायतु, सर?" त्याने सगळं रामायण सांगितलं आणि दहा मिनिटांत विषय संपला. त्या कन्नडनं माझं मराठी तीळभरही कमी झालं नाही. उलट नाशिक-नागपूरच्या शाखा मलाच शोधतात, की मराठीत बोलणारा तो बेळगावचा कुठं आहे म्हणून. मराठीत दाखले आणि कागदपत्रं मिळावीत म्हणून भांडायचं ते भांडूच. पण येणारी भाषा लपवून काय मिळवणार?

त्या रात्री फोनवर पोराला एवढं सगळं सांगितलं नाही. जेवण गार होत होतं. मी फक्त म्हणालो, "चाळीस हजार राहू दे. पंधरा दिवस काय काय दुरुस्त करालास ते वहीत लिही आणि मला फोटो पाठव."

"त्यात काय लिहायचं दादा? बारीक-सारीक असतंय."

"तेच लिही."

परवा फोटो आला. शाळेची दोनशे पानी वही, निळ्या पेनाने आखलेले रकाने. पहिलीच नोंद अशी: 'ग्रामपंचायत. प्रिंटरमध्ये कागद अडकतो. मागचं झाकण काढून बघितलं. आत लग्नपत्रिकेचा तुकडा होता. चिमट्याने काढला, रोलर पुसला, दहा पानं छापून बघितली. पैसे दिले नाहीत. चहा दिला.'

मी उत्तर पाठवलं, "किती वेळ लागला ते लिहायचं राहिलंय."